सह्यांचा कागद

नोकरी लागते तेव्हा आपण पेढे वाटतो आणि सुटते तेव्हा सह्या गोळा करतो. पेढे अर्ध्या तासात संपतात. सह्यांना मात्र दोन-तीन दिवस सहज जातात, कारण ‘नो ड्यूज’ नावाच्या त्या कागदावर ज्यांच्या सह्या लागतात त्यांतला एक जण रजेवर असतो, एक जेवायला गेलेला असतो आणि एक जागेवर असूनही “उद्या या” म्हणतो. स्टोअर, कँटीन, लायब्ररी, आयटी, अकाउंट्स, सिक्युरिटी... ज्या साहेबांची मर्जी राखण्यासाठी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं, त्यांच्या वाट्याला या कागदावर एकच चौकट येते. बाकीच्या चौकटी अशा माणसांच्या, ज्यांच्या टेबलापाशी आपण कामाशिवाय कधी थांबलोच नव्हतो.

हा कागद नव्या माणसाला रुजू व्हायच्या दिवशीच दाखवावा, असं मला फार दिवसांपासून वाटतं. ऑफर लेटरवरून पगार कळतो. ऑफिस कुणाच्या हातात आहे, ते या कागदावरून कळतं.

माझ्या एका जुन्या ऑफिसातून एकाच महिन्यात दोघांनी राजीनामे दिले. एक मोठ्या हुद्द्यावरचे साहेब, दुसरा मधल्या फळीतला. स्टोअरच्या काकांनी काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर उघडलं, तर मधल्या फळीतल्याच्या नावावर चक्क एक टेबल फॅन निघाला. एसी येण्याच्या आधी केव्हातरी दिलेला. तो पुढे कुठे गेला हे ना त्याला ठाऊक, ना ऑफिसला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि शेरा मारला : ‘नादुरुस्त. भंगारात जमा.’ खाली लफ्फेदार सही. मोठ्या साहेबांच्या नावावर फक्त एक कात्री होती. ती शोधायला त्यांना दोनदा वर पाठवलं आणि शेवटी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून नवी आणायला लावली. काकांचं वागणं नियमाला धरूनच होतं. एवढंच, की मधल्या फळीतला रोज सकाळी जाता जाता “काय काका, गुडघा काय म्हणतोय?” असं विचारायचा. काकांना गुडघे आहेत याचीच साहेबांना कल्पना नव्हती.

यावरून कुणी असं ठरवेल की शेवटच्या आठवड्यात सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून टाकावी. तसे लोकही असतात. राजीनामा दिला की ते एकाएकी इतके गोड होतात की हा माणूस इतकी वर्षं कुठे लपला होता, असा प्रश्न ऑफिसला पडतो. तो गोडवा कुणी मनावर घेत नाही. निवडणुकीआधी गल्लीत झालेल्या डांबरीकरणाकडे आपण ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने त्याच्याकडे बघितलं जातं.

खरी परीक्षा नोटीस पिरियडची. आयटीवाल्यांकडे तो सर्रास नव्वद दिवसांचा असतो. एवढ्या काळात दुसरी नोकरी लागते, कधी हातची जाते आणि तिसरीही मिळते. या दिवसांत माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. मीटिंगला गेला तर “आता याला कशाला?” आणि नाही गेला तर “बघा, आत्ताच अंग काढून घेतलं.” रजा टाकली तर इंटरव्ह्यूला गेला, नाही टाकली तर रजेचे पैसे करून घेतोय. काही जण या काळात खुर्चीत नुसते टेकलेले असतात, मन पुढच्या कंपनीच्या बसथांब्यावर. काहींना मात्र जाण्याआधी आपल्या कामाची नीट घडी घालून द्यावीशी वाटते.

असा एक हँडओव्हर मी पाहिला आहे. पहिल्या पानावर प्रकल्प, फाइली, पासवर्ड वगैरे रीतसर मामला होता. खरा ऐवज शेवटच्या पानावर. ‘शुक्रवारचा रिपोर्ट चारला द्यायचा असतो, पण साहेब तीनलाच विचारतात. पावणेतीनला तयार ठेवावा. प्रिंटरचा दुसरा ट्रे अडकतो, उजव्या बाजूने तळहाताने थाप मारावी, डावीकडून मारू नये. नाशिकच्या डीलरचा फोन आला तर आधी द्राक्षांबद्दल विचारावं, मग थकबाकीबद्दल.’ ज्याला हे पान मिळालं त्याने जाणाऱ्याला फारसं पाहिलंही नव्हतं. तरी पुढे वर्षभर प्रिंटरला थाप मारताना तो त्या माणसाचं नाव घ्यायचा, आणि प्रिंटरपाशी नाव निघणं म्हणजे काय, हे ज्यांनी ऑफिसात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

बरं, थांबलेला प्रत्येक जण प्रेमापोटीच थांबतो असंही नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली. आपल्या मायेमुळे माणसं टिकली असं कितीतरी साहेबांना वाटत असतं. ती खरं तर या अटीमुळे टिकलेली असतात. चार वर्षं आणि काही महिने झालेला माणूस जितका सोशिक असतो, तितके संतही नसतील.

मग येतो एक्झिट इंटरव्ह्यू. एचआरची एक तरुण मुलगी समोर बसून म्हणते, “अगदी मोकळेपणाने सांगा, हे बोलणं आपल्यातच राहील.” एवढं ऐकलं की भल्याभल्यांचा बांध फुटतो. बढती कुणाची कुणाला गेली, शनिवारी कुणी बोलावलं, कँटीनच्या उसळीत उसळ किती आणि पाणी किती, सगळं बाहेर येतं. तिकडे ती मुलगी शांतपणे टाइप करत असते. तिने स्वतःच कालपरवा राजीनामा दिलेला असतो, आणि आपण जिथे चाललो आहोत तिथेच ती आपल्याआधी रुजू होणार असते, हे आपल्याला कुठून ठाऊक असणार? पुणं मोठं झालं असं आपण म्हणतो, पण हिंजवडीत सोडलेला साहेब खराडीत भेटतो, आणि तिथे नाही भेटला तर कुठल्यातरी मंगल कार्यालयात जिलबीच्या रांगेत नेमका आपल्या पुढे उभा असतो.

म्हणजे तोंडाला कुलूप लावून निघावं असं मात्र नाही. मराठी माणसाने दिलेला एक अतिशय गाजलेला राजीनामा म्हणजे चिंतामणराव देशमुखांचा. १९५६ च्या जुलैत, मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, आणि निघताना पंतप्रधान नेहरूंच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस आहे, असं लोकसभेत सुनावलं. हेच नेहरू तीन वर्षांपूर्वी देशमुख आणि दुर्गाबाईंच्या विवाहाला साक्षीदार होते. आपल्याकडच्या एखाद्या कंपनीत हे घडलं असतं तर देशमुखांचं आयकार्ड गेटवरच काढून घेतलं असतं. झालं असं की त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. जे बोलायचं ते समोर, सभागृहात, इतिवृत्तात नोंद होईल असं बोलले. आणि कामात कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. कँटीनमध्ये दबक्या आवाजात झालेल्या बोलण्याने जेवढे संबंध बिघडतात, तेवढे अशा उघड भांडणाने बिघडत नाहीत.

नोकरी सोडणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला केक मिळतो. नोकरी गेलेल्याला काय मिळतं? सकाळी व्हिडिओ कॉल, “कंपनीला जड अंतःकरणाने...” अशी वाचून दाखवलेली चार वाक्यं, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. त्यापेक्षाही अवघड असते ती पुढची शांतता. कुणी वारलं तर काय करायचं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भेटायला जायचं, गप्प बसायचं, शेजारच्यांनी पिठलं-भात पाठवायचा. नोकरी गेलेल्या माणसाकडे जाऊन काय बोलायचं याचा रिवाजच पडलेला नाही. मग लोक भेटायचं टाळतात. त्यात दुष्टावा नसतो, शब्द सुचत नाहीत म्हणून टाळतात. पण तिकडे पोचतो तो दुष्टावाच. काहींना तर मनातून अशीही धास्ती असते की कपात लागट असावी, आणि फोनवर बोललं तर आपल्यालाही लागेल.

अशा वेळी फोन न करणाऱ्यांची फजितीही होऊ शकते. २००८ च्या ऑक्टोबरात जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना काढून टाकलं आणि गदारोळ होताच एक-दोन दिवसांत परत बोलावलं. मधल्या रात्री ज्यांनी साधी विचारपूस केली नाही, त्यांनी नंतर त्याच सहकाऱ्यांशेजारी उभं राहून प्रवाशांना हसून नमस्कार कसा केला असेल, कुणास ठाऊक. गेलेला माणूस परत येऊ शकतो हे कायद्यानेही ध्यानात घेतलं होतं. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी कलमं आली त्यांत असं होतं, की कपातीत गेलेल्या कामगाराला पुढे भरती निघाली तर आधी विचारावं. माणुसकीची एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहून ठेवावी लागली.

पण जुन्या सहकाऱ्यांशी संबंध जपण्याचं हे सगळं नुसत्या चांगुलपणासाठी करायचं का? तसं केलं तर उत्तमच. चांगुलपणावर फारसा भरवसा नसणाऱ्यांसाठी एक व्यवहारी कारणही आहे. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की तुम्हाला ही जागा कळली कुणाकडून? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत, बातमी देणारा माणूस नेहमीच्या भेटीतला होता असं सांगणारे शंभरात सतराच निघाले. बाकीच्यांना बातमी दिली ती अधूनमधून किंवा अगदी क्वचित भेटणाऱ्यांनी. त्यांत कुणी जुना कॉलेजमित्र होता, कुणी आधीच्या ऑफिसातला सहकारी, कुणी पूर्वीचा साहेब. याचं कारणही सरळ आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी जरा लांबच्या माणसाकडूनच येते.

मुंबईच्या गिरणगावाने याची दुसरी बाजू सोसली. तिथे एकेकाळी नोकरी लावायचा जॉबर, आणि तो बहुधा आपल्याच गावचा, निदान आपल्या बाजूचा. खोली गाववाल्यांची, खानावळ ओळखीची, भजनी मंडळही तेच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा या घट्ट ओळखींनी माणसं जगवली. कुणी धान्य उसनं दिलं, कुणी बायकामुलांना गावी पोचवलं. पण दुसरीकडे काम कुठे आहे, हे सांगणार कोण? ज्याला विचारावं तोही त्याच संपात. साऱ्या ओळखी एकाच भोंग्यावर चालणाऱ्या होत्या, आणि भोंगा थांबला तेव्हा तो सगळ्यांचा एकदमच थांबला.

पुढच्या नोकरीचं जाऊ द्या, मागच्या नोकरीचीही कामं संपलेली नसतात. कंपनी सोडून कितीतरी दिवसांनी पीएफ काढायला जावं, तर आधार कार्डावरच्या नावात एक अक्षर जास्त आणि पीएफच्या नोंदीत एक कमी. मग नावदुरुस्तीचं जॉइंट डिक्लेरेशन आलं, आणि त्यावर बरेचदा जुन्या कंपनीचा सही-शिक्का. ज्या अकाउंट्सवर आपण जाताना दार आपटून गेलो होतो, त्यांनाच फोन लावून “ओळखलंत का?” म्हणायची वेळ येते. ओळखलेलं असतं. दाराचा आवाज लोकांच्या बराच लक्षात राहतो.

शेजारणीकडून आलेलं भांडं आपल्याकडे रिकामं परत करत नाहीत. चमचाभर साखर का होईना, घालून देतात. त्यामुळे ते भांडं वर्षानुवर्षं दोन घरांत ये-जा करत राहतं आणि मुळात ते कुणाचं होतं हेही कुणाला आठवत नाही. कंपनीचा हिशेब पैन्‌पैचा मिटलेला बरा, त्यासाठी तर त्या साऱ्या सह्या. माणसांच्या बाबतीत मात्र थोडं काही इकडचं तिकडे राहिलं तर बिघडत नाही. एखादं पुस्तक, एखाद्या नातेवाइकाच्या मुलाला दाखवलेली इंटर्नशिपची जागा, दिवाळीला पाठवायचं राहून गेलेलं चकलीचं प्रमाण.

आणि एक सहज केलेला फोन. हा वाटतो तितका सोपा नाही. जुन्या सहकाऱ्याला काम नसताना फोन करून पाहा. तिकडून पहिला प्रश्न येतो, “काय काम काढलंस?” आपण म्हणावं, “काही नाही रे, सहज.” मग क्षणभर शांतता. त्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागतात : मुलीचं लग्न? उसने पैसे? याची नोकरी तर नाही गेली? शेवटी तो सावधपणे म्हणतो, “हे बघ, पॉलिसी मात्र नकोय हं मला.” नाउमेद होऊ नये. तीन-चार महिन्यांनी पुन्हा करावा. दुसऱ्या खेपेलाही पॉलिसीचाच संशय येतो, पण आवाज जरा सैल झालेला असतो. तिसऱ्या खेपेला तो आपणहून सांगू लागतो की नवे साहेब जुन्यांपेक्षा वाईट कसे आहेत, कँटीनचा ठेका कुणाला गेला, कोण कुठे लागलं. आणि अर्धा-पाऊण तास कसा जातो ते कळत नाही. तेवढं झालं की गाडी रुळावर आली असं समजायला हरकत नाही. फक्त, खरोखरच विमा विकत असाल, तर तेवढं पहिल्याच फोनवर सांगून टाकावं.