अग्निबाणाची मीमांसा

विमानरचनेच्या संगणकीय खेळांत जहाजभेदी अग्निबाण स्वतःच्या हाताने रचण्याची जी एक उपशाखा विकसित झाली आहे, तिचे पहिले लक्षण असे की तिची वास्तविक गरज कोणालाही नसते. जुंड्रू या अमेरिकी कंपनीचा 'सिम्पलप्लेन्स' हा खेळ आधी मोबाइलवर आणि 2015 मध्ये स्टीम या मंचावर संगणकासाठी आला. त्यात खेळणाऱ्यापुढे सुट्या भागांची जी यादी ठेवलेली असते, तीत पंख, चाके व इंजिने यांच्या पंगतीतच तयार बॉम्ब, टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रे बसलेली असतात. त्यांतले एखादे उचलून पंखाखाली चिकटवले, लक्ष्य निवडले आणि कळ दाबली की पुढचे सारे ते क्षेपणास्त्र आपले आपण पाहून घेते. परंतु अशा तयार अस्त्राने जहाज बुडवणाऱ्यास या क्षेत्रातील जाणकार आयत्या बिळावरचा नागोबा समजतात, आणि जे काम क्षणात होण्यासारखे आहे ते स्वकष्टाने, रात्री जागून व बहुधा न होता पूर्ण करण्यास शास्त्र म्हणतात.

या शास्त्राची सामग्री मात्र साधी आहे. पुढच्या टोकास यादीतलाच एक बॉम्ब स्फोटक शीर्ष म्हणून बसवायचा, त्यामागे इंधन भरलेला धडाचा ठोकळा, त्यामागे छोटे इंजिन, शेपटीस चार पंखुड्या, आणि हा सारा डोलारा विमानाच्या पंखास 'डिटॅचर' नावाच्या भागाने जोडायचा. डिटॅचर म्हणजे कळ दाबताच जोड तोडून देणारा आणि जाताजाता सुट्या झालेल्या भागास एक धक्का देणारा दुवा. पंखुड्या शेपटीलाच का, याचे उत्तर असे की उडत्या वस्तूचा गुरुत्वमध्य, म्हणजे जेथे तिचे सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, हवेचा दाब जेथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे असावा लागतो. तसा तो नसल्यास अग्निबाण प्रथम आडवा होतो, मग उलटा होतो, आणि शेवटी ज्या विमानाने त्यास जन्म दिला त्याच्याकडे वळून पाहू लागतो. या क्षणी विमानचालकाच्या मनात काय येत असावे, हा प्रश्न मानसशास्त्राचा असल्याने येथे बाजूस ठेवणे बरे.

वस्तुतः जहाज हा या विषयातील दुय्यम घटक आहे. जहाज मोठे असते, संथ असते, समुद्र सोडून कोठे जात नाही, आणि खेळातील यूएसएस बीस्ट ही युद्धनौका जरी उलट मारा करीत असली, तरी नवशिक्याचे पहिले विमान तिच्या माऱ्याने पडते असे म्हणण्यास फारसा आधार नाही. ते पडते ते स्वतःच्याच अग्निबाणाने. कारण असे की सोयीसाठी डिटॅचर आणि इंजिन ही दोन्ही एकाच 'ॲक्टिव्हेशन ग्रुप'वर, म्हणजे अनेक भागांना एकदम जागे करणाऱ्या एकाच कळीवर, ठेवलेली असतात, आणि कळ दाबताच जोड तुटण्याचे व इंजिन पेटण्याचे काम एकाच क्षणी घडते, त्यामुळे अग्निबाण पंखापासून पुरता वेगळा होण्याआधीच पूर्ण जोराने पुढे निघतो आणि वाटेत जे येईल ते, म्हणजे बहुधा पंखाची कड आणि कधीकधी चालकाची खोली, सोबत घेऊन जातो. खाली, समुद्रात, यूएसएस बीस्ट हे सारे निवांतपणे पाहत असते.

ही अडचण केवळ खेळातली नाही, तर अस्सल अस्त्रविद्येतील थोरांनाही तिने घाम फोडला होता, ही गोष्ट हौशी अभियंत्यास मोठा धीर देणारी ठरावी. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी नौदलासाठी 'टायनी टिम' नावाचा, सुमारे 570 किलो वजनाचा आणि तीन मीटरांहून थोडा अधिक लांब असा अग्निबाण रचला, ज्याची नळी तेलविहिरीत घालण्याच्या प्रमाणित मापाच्या पोलादी नळापासून केली होती आणि ज्याचे शीर्ष मुळात 500 पौंडांचा अर्ध-चिलखतभेदी बॉम्ब होते. दोहोंचा व्यास 11.75 इंच असा नेमका जुळत होता, हे या निवडीमागचे मोठे कारण. अर्थात या संस्थेतील विद्वानांनी जे केले ते यादीतला बॉम्ब उचलून त्यामागे यादीतलाच नळ चिकटवण्यापलीकडचे नव्हते, आणि ज्या तरुणास आईवडील याच उद्योगासाठी बोल लावतात त्याने हा दाखला जवळ बाळगावा.

टायनी टिमची आग इतकी होती की तो पंखाखालीच पेटवणे शक्य नव्हते, म्हणून तो बॉम्बसारखा खाली सोडायचा, विमानास बांधलेली एक दोरी त्याच्याबरोबर उलगडत जायची, आणि ती ताणली गेली की मग ज्वलन सुरू व्हायचे, अशी योजना केली गेली. तरीही चाचण्यांत एक हेलडायव्हर विमान प्रज्वलकाच्या स्फोटलहरीने निकामी होऊन कोसळले. त्यानंतर दोरी लांब केली गेली, प्रज्वलक लहान केला गेला, आणि काम पुढे चालू झाले. सिम्पलप्लेन्समध्ये दोरीची जागा सूत्राने घेतली आहे. 'फंकी ट्रीज' नावाची जी गणिती लेखनपद्धती या खेळात आहे, तीत इंजिनाच्या नियंत्रणापुढे केवळ कळीचे नाव न लिहिता त्या कळीचे मूल्य शून्यापासून एकापर्यंत सावकाश चढावे असे सांगता येते, आणि ते एका ठरावीक पातळीपुढे गेल्यावरच इंजिन पेटावे अशी अट घालता येते. त्यामुळे अग्निबाण आधी मुकाट्याने खाली जातो, विमानाशी सभ्य अंतर राखतो, आणि मगच आपले खरे रूप दाखवतो. हा विलंब अतिरेकाने वाढवणारेही आढळतात, आणि त्यांचे अग्निबाण समुद्रात बुडाल्यावर मोठ्या निष्ठेने पेटतात.

समुद्रात पडणे हे सर्वस्वी अपयश नव्हे, असेही इतिहास सांगतो. ब्रिटिशांच्या 'आरपी-3' या तीन इंची नळीच्या अग्निबाणाचे भरीव पोलादी शीर्ष जहाजाच्या अलीकडे पाण्यात शिरले तर पाण्याखालून वर वळून जहाजाचे पोट फोडी, म्हणून वैमानिकांना नेम मुद्दाम थोडा आखूड धरण्यास शिकवले जाई. आणि 23 मे 1943 रोजी एचएमएस आर्चर या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानाने, म्हणजे कापड मढवलेल्या दुपंखी आणि आधीच जुनाट ठरलेल्या यंत्राने, अशाच अग्निबाणांनी यू-752 ही जर्मन पाणबुडी बुडवली. खेळातला अग्निबाण पाण्याखाली अशी कृपा करील अशी आशा मात्र धरू नये.

वजनाचा प्रश्न यानंतर येतो. दोन पंखांखाली दोन जड अग्निबाण असतील आणि त्यांतला एकच सोडला, तर विमान उरलेल्या बाजूस कलंडते, आणि चालक ते सावरण्यात इतका गुंततो की जहाज मागे पडते. यावर प्रामाणिक उपाय दोन्ही एकदम सोडणे हा होय. अप्रामाणिक उपाय असा की भागाच्या नोंदीत, म्हणजे विमानाचे सारे तपशील ज्या लिखित स्वरूपात साठवले जातात त्या एक्सएमएल मजकुरात, वजनाचा गुणक शून्य करायचा आणि हवेचा रोध मोजूच नये असे लिहायचे. असा अग्निबाण पाहण्यास पाच मीटर लांब, पण कागदोपत्री अस्तित्वातच नसतो. सरकारी खात्यांच्या कारभाराची ओळख असलेल्या वाचकास ही कल्पना नवी वाटू नये. या युक्तीची निंदा सगळेच करतात, आणि तिचा वापर करणारेही थोडे नाहीत.

पुढची पायरी मार्गदर्शनाची, म्हणजे अग्निबाणाने लक्ष्याची दिशा स्वतः ओळखून पंखुड्या हलवण्याची. तीबद्दल येथे इतकेच नोंदवावे की सूत्रात अधिक चिन्हाच्या जागी वजा पडल्यास अग्निबाण जहाजापासून तितक्याच काटेकोरपणे दूर जातो.

या साऱ्या खटाटोपानंतर तयार झालेल्या वस्तूस भारदस्त नाव आणि पुढे एखादा अनुक्रमांक देण्याची प्रथा आहे. मार्क सात असे नाव दिसल्यास आधीच्या सहांचे काय झाले ते विचारू नये. निर्णय द्यायचाच तर तो असा की ज्यास केवळ जहाज बुडवायचे आहे त्याने यादीतला तयार टॉर्पेडो घ्यावा आणि वेळेवर जेवावे; ज्यास अग्निबाण रचल्यावाचून राहवतच नाही त्याने उड्डाणाआधी डिटॅचरचे तोंड कोणत्या बाजूस आहे ते एकदा पाहून घ्यावे आणि इंजिनाची कळ वेगळी ठेवावी.