छंद लावून घेण्याची सशास्त्र रीत

छंद दोन जातींचे असतात: आपोआप लागलेले आणि लावून घेतलेले. पहिल्या जातीची माणसे मार्गदर्शनाच्या पलीकडे गेलेली असतात. रात्री दोन वाजता भिंग लावून पोस्टाची तिकिटे बघत बसलेल्या माणसाला कोण काय शिकवणार? प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या जातीसाठी आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे, घराचे हप्ते फिटत आलेले, मुले आपापल्या वाटेला लागलेली, आणि रविवारच्या पुरवणीत ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे वाचून अस्वस्थ झालेली व्यक्ती. तिला आपण यापुढे ‘इच्छुक’ म्हणू.

इच्छुकाने सर्वप्रथम छंद जाहीर करावा. सुरू केल्यावर जाहीर करू म्हणून थांबू नये, कारण तोवर जाहीर करण्याजोगे काही शिल्लक राहीलच असे नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर बातमी टाकली की पाच मिनिटांत अंगठे आणि फुले जमा होतात. विकासाचा पहिला हप्ता इथेच पदरात पडतो. घरातून मात्र ‘आता हे काय नवीन?’ एवढाच प्रश्न येईल. त्याला उत्तर देऊ नये. गेल्या वेळचा व्यायामाचा पट्टा अजून गॅलरीत उभा आहे आणि त्यावर टॉवेल वाळत आहेत, हे प्रश्न विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

यानंतर साहित्यखरेदी. शिकवणाऱ्याला विचारून साहित्य घेणे हा भेकडपणा होय. समजा, इच्छुकाने तबला निवडला. त्याने थेट दुकान गाठावे. दुकानदार विचारील, ‘कुठल्या पट्टीचा हवा?’ इथे ‘चांगल्या’ असे उत्तर देण्याची प्रथा आहे. मग तो शिसवी खोडाचा तबला आणि तांब्याचा जड डग्गा पुढे ठेवील, वर हातोडी, चुंबळी आणि गवसणी देईल. गवसणीचा रंग निवडण्यात अर्धा तास घालवावा. या छंदात इच्छुकाचे मत विचारात घेतले जाण्याची ही शेवटचीच वेळ असते.

वर्गात गेल्यावर सतरंजीवर मांडी घालून बसायचे असते. शेजारी इयत्ता तिसरीतली एक मुलगी असेल. ती वर्षभर शिकते आहे आणि तिची बोटे ‘तिरकिट’ असे वाजवतात की कान तृप्त व्हावेत. इच्छुकाला त्या दिवशी फक्त ‘ना’ मिळेल. तबल्याच्या काठाला, म्हणजे चाटेवर, तर्जनी मारून ‘ना’ काढायचा. तिसरे बोट, म्हणजे अनामिका, शाईच्या कडेला टेकलेले ठेवायचे. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात तर्जनी उठली की अनामिकाही उठते, कारण पंचेचाळीस वर्षे त्या दोघींनी सगळी कामे एकत्र केलेली असतात. मग ‘ना’ऐवजी जो आवाज निघतो त्याला कोणत्याही घराण्यात नाव नाही. मुलगी वळून सांगेल, ‘काका, बोट दाबा.’ इच्छुकाने ‘हो’ म्हणावे. कार्यालयात आपल्या हाताखाली किती माणसे आहेत, हे तिला सांगू नये. तिला त्याचे काही नाही.

पुढे त्रिताल येतो. सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. खालीच्या सुमारास डाव्या हाताने काही मात्रा घुमणे बंद ठेवायचे असते. बैठकांमधून वर्षानुवर्षे बोलत आलेल्या माणसाला हे जमत नाही. उजवा हात ‘तिं तिं ता’ म्हणत असतो आणि डावा मध्येच ‘अजून एक मुद्दा’ मांडल्यासारखा घुमतो. सर हात वर करतात. पुन्हा समेपासून. व्यक्तिमत्त्वविकासाच्या महागड्या शिबिरांत दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकवतात. इथे ते गुडघ्याला मुंग्या येईपर्यंत, महिन्याच्या फीमध्ये शिकवले जाते. मला विचाराल तर हा सौदा स्वस्त आहे.

रियाजाविषयी दोन शब्द. रियाज रोज करावा असे शास्त्र आहे. तो न करण्याचीही शास्त्रशुद्ध कारणे उपलब्ध आहेत. पावसाळ्यात हवा दमट होते, चामडे सैल पडते आणि तबला उतरतो, हे कारण खरे असल्याने विशेष उपयोगी पडते. मुंबई-कोकणात ते जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप आहेच.

परीक्षेला बसण्याचा मोह आवरावा की कसे, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा संगीत गुरूच्या घरातून वर्गात आले. आज त्या परंपरेतल्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होऊन प्रवेशिका, मध्यमा, विशारद करत अलंकारपर्यंत जातात. अलंकार होईपर्यंत आपले वय काय असेल, ही बेरीज इच्छुकाने करू नये. प्रारंभिकच्या दिवशी केंद्रावर कुणीतरी नम्रपणे म्हणेल, ‘पालकांनी बाहेर थांबायचंय.’ अशा वेळी खिशातून हॉल तिकीट काढून दाखवताना हात थरथरू न देणे, ही त्या दिवसाची खरी परीक्षा. त्रिताल त्या मानाने सोपा.

ज्यांना आवाज करायचा नाही त्यांच्यासाठी मोडी लिपी उत्तम. पुण्यात 1910 साली वि. का. राजवाडे प्रभृतींनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, आणि पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद तर माणसाचे आयुष्य संपले तरी संपणारे नाहीत. इच्छुकाच्या मनात अर्थातच घरच्या माळ्यावरची ट्रंक असते. तिच्यात पणजोबांचे कागद आहेत आणि त्यांत कुठेतरी जहागिरीचा उल्लेख आहे, असे घराण्यात बोलले जाते.

मोडीचा पहिला महिना सुखाचा जातो. वेलांटी एकच, उकार एकच. शुद्धलेखनाच्या तासाला ज्यांनी छड्या खाल्ल्या, त्यांना ही लिपी आपल्यासाठीच कुणीतरी केली असे वाटते. दुसऱ्या महिन्यात खरा कागद समोर येतो. आधी पानभर शिरोरेघ ओढून ठेवलेली, तिला अक्षरे लटकलेली, शब्दाशब्दांत अंतर नाही, आणि लिहिणारा कारकून घाईत. तारीख वाचावी म्हटले तर साल अरबी संख्यांत. पानिपत झाले ते साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: शुहूर सन 1161. त्यात सहाशे मिळवले की 1761 येते. पण ते वर्ष मृगाला सुरू होत असल्याने मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599च मिळवायचे. मराठेशाहीचा अभिमान बाळगणे हे मराठेशाहीची तारीख काढण्याहून किती सोपे, हे या टप्प्यावर ध्यानात येते. बरेच इच्छुक इथे थांबून अभिमानाकडे परततात.

जे थांबत नाहीत ते अखेर ट्रंक उघडतात. त्यांनी मन घट्ट करावे. अशा ट्रंकांतून जहागीर क्वचितच निघते; निघतो तो जमाखर्च. अमक्याकडून इतके शेर भात येणे, तमक्याला बैलाबद्दल इतके देणे, आणि भाऊबंदांशी बांधावरून वाद. तो बांध आजही वादात असल्यास पणजोबा एकदम जवळचे वाटू लागतात.

इतर छंदांवर फार जागा घालवण्यात अर्थ नाही. गिर्यारोहण करायचेच तर कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. पावसाळी रविवारी लोखंडी शिडीखाली रांग लागते. एकांताच्या शोधात निघालेल्या मंडळींना तिथे एकमेकांचा भरपूर सहवास मिळतो. पक्षिनिरीक्षणाला पहाटे उठावे लागते, एवढे सांगितले तरी निम्मे इच्छुक गळतात. उरलेले मोठी लेन्स घेऊन हिवाळ्यात भिगवणला रोहित बघायला जातात. खिडकीतल्या सातभाईंना घरी कुणी विचारत नाही, कारण ते मळकट दिसतात आणि दिवसभर भांडतात. ते फोटोत चांगले येत नाहीत. माझ्या मते मात्र छंदाची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. पेट्रोल लागत नाही.

आता शेवटचा आणि व्यवहाराचा प्रश्न: इच्छुकाने टिकावे कसे? प्रेरणेवर भिस्त ठेवू नये, ती दुसऱ्याच आठवड्यात मामाकडे जाते. खात्रीचा उपाय एकच. महिन्याची फी भरू नये, वर्षाची एकदम भरावी. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मराठी मध्यमवर्गीय माणूस तापातसुद्धा वर्गाला जातो आणि जाता जाता त्याला त्रितालही येऊन जातो. भरलेली फी परत मिळणार नाही, हे पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. ते आधी वाचावे आणि मगच पैसे द्यावेत.