श्रोता पाहिजे

साहित्य संमेलनाला न जाताही माणूस गाजू शकतो. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात हिराबागेत पहिलं ग्रंथकार संमेलन भरवलं. पुढे 1885 च्या संमेलनाचं बोलावणं महात्मा फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी खरमरीत पत्र लिहून ते नाकारलं. त्या संमेलनाचे अध्यक्ष कोण, हे आज स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलंच सांगू शकतील. फुल्यांचं पत्र मात्र अजून वाचलं जातं. पण न जाता गाजायचं तर आधी बोलावणं यावं लागतं. मला ते आलेलं नव्हतं, त्यामुळे मी गेलो.

फेब्रुवारी 2025 मधलं 98वं संमेलन दिल्लीला होतं. आधीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळालेला. शिवाय दिल्लीत संमेलन भरत होतं ते थेट 1954 नंतर. तेव्हा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटनाला पंडित नेहरू. असा योग पुन्हा कधी येणार, म्हणून मी पैसे भरून प्रतिनिधी झालो. कुणाचा प्रतिनिधी, हे कुणी विचारत नाही. माझी पात्रता एवढीच, की मी पुस्तकं विकत घेऊन वाचतो.

पुण्याहून साहित्यप्रेमींसाठी खास गाडी होती, महादजी शिंद्यांच्या नावाची. महादजी 1771 मध्ये दिल्लीवर गेले तेव्हा त्यांच्याबरोबर फौज होती. आमच्याबरोबर दशम्या, लसणाची चटणी आणि कवितेच्या वह्या होत्या. दिल्लीला धास्ती नेमकी कशाची वाटली असती, सांगता येत नाही.

गाडी सुटली आणि ओळखपाळख सुरू झाली. "आपण काय लिहिता?" हा पहिला प्रश्न. गाव, नाव त्यानंतर. मी म्हणालो, "काहीच नाही. मी ऐकायला चाललोय." डबा गप्प झाला. समोरच्या बर्थवरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवून मला नीट न्याहाळलं. "नुसतं ऐकायला?" त्यांनी खात्री करून घेतली आणि उशाखालून वही काढली.

दोनशे पानी वही, खाकी कव्हर, प्रत्येक कवितेखाली तारीख. काही कवितांपुढे लाल पेनाने 'उत्तम' असा शेराही होता. अक्षर त्यांचंच. "एक छोटीशी रचना सादर करतो," म्हणत त्यांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. दुसरं कडवं रंगात आलं असताना शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत गेली. मुख्याध्यापक थांबले. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत त्यांनी शांतपणे वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.

सभागृहात कंटाळा आला तर "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून सटकता येतं. गाडीत पाण्याची बाटली शेजारचा कवीच पुढे करतो. माझी कीर्ती तोवर पुढच्या डब्यांत पोचली होती. "ते ऐकणारे काका इथेच बसलेत का?" असं विचारत लोक येऊ लागले. एक काकू तर बेसनाचे लाडू घेऊन आल्या. लाडू खाऊन झाल्यावर कळलं, त्यांच्याकडे खंडकाव्य होतं.

या प्रवासात मी दाद द्यायचं शास्त्र शिकलो. 'वा!' लवकर म्हटलं, तर कवीला वाटतं की कविता इथेच संपवावी अशी आपली इच्छा आहे. उशिरा म्हटलं, तर आपण झोपलो होतो हे उघड होतं. जोरात म्हटलं, तर "ऐका, पुन्हा घेतो." सर्वांत सुरक्षित म्हणजे डोळे मिटून मान हलवणं. गाडीच्या हिसक्यांनी ती आपोआपच हलते, त्यामुळे झोपही होते.

उद्घाटन विज्ञान भवनात झालं. पुढचे कार्यक्रम तालकटोरा स्टेडियममध्ये होते. 1737 मध्ये बाजीरावांच्या फौजेचा तळ याच परिसरात पडला होता. ही माहिती मला तिथे भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसाने नव्याने दिली, आणि मीही पुढच्याला दिली.

संमेलन कुठलंही असो, परिसंवादाची रीत ठरलेली. आधी दीपप्रज्वलन, मग शाल, श्रीफळ, पुस्तक. मग प्रत्येकाचा परिचय. मग सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. मग वेळेअभावी वक्त्यांनी थोडक्यात बोलावं अशी विनंती. वक्ते 'वेळेअभावी जास्त बोलणार नाही' हेच दहा मिनिटं सांगतात. त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली तर ते ती घडी घालून खिशात ठेवतात. त्यांना वाटतं, सत्काराच्या शालीची पावती असेल.

पुस्तकांच्या गाळ्यांवर वेगळी काळजी घ्यावी लागते. पुस्तक कुणीही चाळावं, पण आधी आजूबाजूला पाहावं. मी एक कथासंग्रह नुसता उलटून किंमत पाहत होतो, तेवढ्यात पाठीमागून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. "नाव काय लिहू?" स्वाक्षरी झालेलं पुस्तक परत ठेवायची सोय नसते.

अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर, लोकसाहित्याच्या मोठ्या अभ्यासक. त्यांच्यामुळे मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. पहाटे उठून दळणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कविता रचली. समोर श्रोता नाही, गळ्यात बिल्ला नाही, कवितेखाली नावही नाही. आणि दळण सरलं की कविता सरली! कविसंमेलनांना हा नियम ताबडतोब लावावा असं माझं मत आहे. प्रत्येक कवीला माइकबरोबर एक जातं आणि शेरभर ज्वारी द्यावी. ज्वारी असेपर्यंत बोलावं. कविता कशीही निघो, भाकरीची सोय होईल. समारोपाला जे ठराव होतात त्यांत हा घ्यावा असं मी मुख्याध्यापकांना सुचवलं. त्यांना कल्पना पटली, फक्त ज्वारी पायलीभर असावी अशी त्यांची दुरुस्ती होती.

परतल्यापासून माझा फोन वाजतो आहे. गाडीतल्या कुणीतरी माझा नंबर वाटलेला दिसतो. परवा एका तालुक्याच्या गावाहून फोन आला. "सर, आमच्याकडे काव्यमहोत्सव आहे. कवी पुष्कळ आहेत. सांभाळून घेणारं कुणी नाही. तुम्ही आलात तर मोठा आधार होईल."

मी आता अटी ठरवून टाकल्या आहेत. जाण्यायेण्याचं भाडं आणि एक वेळचं जेवण. खुर्ची पंख्याखाली, दाराजवळची. शाल नको, घरात बऱ्याच आहेत. नारळ चालेल, चटणीला लागतो. कवितेमागे दाद दोनदा मिळेल, तिसरी हवी असल्यास आधी सांगावं. सूत्रसंचालकाच्या चारोळ्या यात धरलेल्या नाहीत, त्यांचे वेगळे पडतील.