छपरावरचा माणूस

नोव्हेंबरात अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले बहुतेक रस्ते मोटारींना बंद होतात आणि हॉटेलांना कुलपं लागतात. अस्वलं बिळात शिरतात. त्याच सुमारास एक प्राणी छपरावर चढतो. हा तिथला हिवाळी राखणदार.

काम एका वाक्यात सांगण्याजोगं आहे: बर्फाच्या ओझ्याने छपरं बसू द्यायची नाहीत. पण साचून घट्ट झालेला बर्फ नुसत्या फावड्याला दाद देत नाही. मग हा गडी भली मोठी करवत घेऊन खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसे त्याचे ठोकळे पाडतो. एकेक वडी कपाटाएवढी. ती उतारावरून खाली सोडायची, फक्त तिच्यासोबत आपण जायचं नाही. शेवटचं छप्पर मोकळं होईतो पहिल्यावर पुन्हा थर चढलेला असतो, म्हणून नोकरी पक्की.

थंडीबद्दल त्याला विचारू नये. तिथल्या एका चौकीवर 1933 च्या फेब्रुवारीत पारा शून्याखाली 54 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्यापुढे सगळं त्याला 'आज बरंय' वाटतं.

"मला एकांत आवडतो," असं तो सांगतो, आणि स्नोमोबाइलवरून आलेला पाहुणा सापडला की पाऊण तास तेच सांगतो. शेजारी म्हणजे बायसन. ते डोक्याने बर्फ बाजूला सारून खालचं गवत शोधतात. बर्फच उपसतात, पण बिनपगारी, म्हणून त्यांच्याबद्दल याला जरा कणव. माणसांना कंटाळून इथे आलेला हा गृहस्थ अख्खा हिवाळा माणसांचीच घरं जपतो, हे त्याच्या तोंडावर बोलण्याची सोय नाही. करवत हातात असते.

हॅरी याउंटला हे झेपलं नव्हतं, म्हणजे छपरं नव्हे, अख्खं उद्यान. 1880 मध्ये शिकारीवर नजर ठेवायला त्याला नेमलं. एक हिवाळा तिथे काढून त्याने राजीनामा दिला आणि अहवालात लिहिलं, की हे एकट्याचं काम नव्हे, छोटंसं दल नेमा. शहाणा माणूस.

सगळेच इतके शहाणे नसतात. कॅन्यन भागातल्या एका राखणदाराने 1973 साली हे काम धरलं आणि पुढची चार दशकंही सोडलं नाही. तेव्हा तुम्हाला अर्ज करायचा असेल तर जरूर करा. जागा रिकामी होण्याची वाट पाहायची तयारी मात्र ठेवा.