गाडाभर भात, दोन रेडे आणि एक स्पोर्ट्स कार

स्पोर्ट्स कारला सीट दोन असतात आणि आमच्या सासुरवाडीत कुठंही निघायचं ठरलं की माणसं सात होतात. गाडी घेताना साडभाऊंनी हा हिशेब केला नव्हता. त्यांनी हिशेब केला तो अश्वशक्तीचा. साडेतीनशे घोडे! भोसल्यांच्या पागेनंतर नागपुरात एका दारात इतके घोडे उभेच राहिले नाहीत, असं ते पाहुण्याच्या हातात चहा देता देताच सांगून टाकत.

गाडी मुंबईहून आणलेली, सेकंडहँड, परदेशी बनावटीची. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एक तर साडभाऊंशी संबंध टिकवायचे आहेत, आणि दुसरं म्हणजे त्या कंपनीचे वकील तिच्या बटणांपेक्षा टिकाऊ असावेत असा माझा अंदाज आहे.

नवी गाडी आधी देवाला दाखवायची. टेकडीचा गणपती घराजवळ होता, पण स्टेशनासमोरच्या गर्दीत ही गाडी चालण्याआधीच तापते. म्हणून विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी केळझरचा सिद्धिविनायक ठरला. नागपूरहून वर्ध्याच्या वाटेवर पन्नासेक किलोमीटर. मुहूर्त अक्षय तृतीयेचा, म्हणजे ऊन वैशाखाचं. गाडीत साडभाऊ आणि मी. मागून वॅगनआरमध्ये सासूबाई, त्यांच्या दोन्ही लेकी आणि पोरं. पूजेचं सामान मात्र नव्या गाडीतूनच जाईल, असा सासूबाईंचा हट्ट. या गाडीचं इंजिन मागं आणि डिक्की पुढं. नारळ, हार, मोदकांचा डबा सगळं पुढच्या डिक्कीत गेलं. "शुभ कामाचं सामान पुढंच पाह्यजे," सासूबाई म्हणाल्या. कंपनीच्या इंजिनिअरांना मिळालेली ती त्या दिवसातली शेवटची शाबासकी.

बसणं हे क्रियापद या गाडीला लागू नाही. आधी एक पाय आत टाकायचा, मग देवाचं नाव घेऊन कंबर सोडून द्यायची. जमीन लागायच्या जरा आधी सीट लागते. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं थाट वाटतो. लाल शिवणीचं काळं लेदर, अ‍ॅल्युमिनियमची पेडल्स, ताशी ३२० पर्यंत आकडे असलेलं मीटर. मी काच खाली करायचं बटण दाबलं आणि बोट तिथंच राहिलं.

"चिकटलं का?" साडभाऊंनी समोर पाहतच विचारलं. "हळू ओढा. रंग निघते."

बटणावरचा मऊ लेप उन्हानं गुळाच्या भेलीसारखा झाला होता. या लेपामागं विचार थोर आहे. साधं प्लॅस्टिक बोटाला कडक लागतं, स्वस्त वाटतं. म्हणून त्यावर रबरासारखा मऊ थर देतात. उष्णता आणि ओल मिळत गेली की काही वर्षांत त्या थराचं रसायन विस्कटतं आणि तो चिकट होतो. वर्ध्या-नागपुराकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पार जातो आणि घाम वाळायच्या आत पावसाळा येतो, ही बातमी ज्यानं तो लेप शोधला त्याच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

हे दुखणं एकट्या साडभाऊंचं नाही. २००२ साली ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरची कस्टम ड्यूटी माफ करावी की नाही यावर सगळा देश भांडला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्या काळच्या फेरारींच्या आतली बटणं पुढं चिकट होतात, ही जगभरच्या मालकांची जुनी रड आहे. पण इतकी वर्षं ड्यूटीवर वाद घालणाऱ्या आपल्या देशात या अंगानं एकानंही तोंड उघडलं नाही. सचिननं ती गाडी २०११ च्या सुमारास सुरतेच्या एका गृहस्थांना विकली. त्याचं टायमिंग नेहमीच उत्तम होतं.

आमच्या गाडीत बटणांच्या वरच्या मजल्यावरही दुरुस्तीची कामं निघाली होती. डॅशबोर्डचं लेदर उन्हानं आकसून काचेजवळ उचललं होतं. छताचं कापड सुटून माझ्या टाळूवर टेकत होतं. साडभाऊंनी ते जागोजागी टाचण्या लावून वर धरलं होतं आणि खड्डा आला की मला मान खाली घालायला सांगत होते. कप ठेवायची जागा बटण दाबलं की ऐटीत बाहेर यायची, पण चहाचा कप पाहिला की मान टाकायची. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण बंद राहत नसे, गुडघ्यावर आपटे. म्हणून त्यातली कागदपत्रं आणि गाडीचं जाडजूड मॅन्युअल साडभाऊंनी पुढच्या डिक्कीत हलवलं होतं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

बुटीबोरी ओलांडून आम्ही तुळजापूरच्या महामार्गाला लागलो आणि खडखड सुरू झाली.

"एक्झॉस्ट आहे," साडभाऊ म्हणाले. "स्पोर्ट्स साउंड."

"एक्झॉस्ट मागं आहे ना? हे माझ्या दारात वाजतं आहे."

"साउंड पूर्ण गाडीत खेळते."

दारात एक स्क्रू सुटून खेळत होता. वळण आलं की तो पुढून मागं जाई, ब्रेक लागला की परत येई. केळझरपर्यंत आमची चांगली ओळख झाली.

एवढ्या महागाच्या गाडीत हे असं का, याचं उत्तर मी वाटेत साडभाऊंना देऊ पाहिलं, पण ते गिअर बदलण्यात गुंतले होते, तर तुम्हाला देतो. अशा गाड्या बनतात थोड्या. लाखो गाड्या विकणारा कारखाना एका बटणाचा साचा पाडायला वाटेल तो खर्च करू शकतो आणि ते बटण हजारो वेळा दाबून पाहू शकतो. मूठभर गाड्या विकणाऱ्याला ते परवडत नाही. त्याचा पैसा इंजिनात जातो आणि बाकीचं सामान येतं भावकीतून किंवा शेजाऱ्याकडून. अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी७ या देखण्या गाडीचे मागचे दिवे माझदा ३२३ मधून घेतलेले. जग्वारची एक्सजे२२० नव्वदच्या दशकात जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांत मोडायची. तिचे आरसे सिट्रोएनच्या कुटुंबवत्सल सीएक्सचे. म्हणजे नवरदेव घोड्यावर आणि पायात मामाचे जोडे.

आपल्या मुलखानंही हा शौक केला आहे. गोव्यात सॅन मोटर्सनं स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबरच्या अंगाची गाडी काढली. पुण्याकडं डीसी कंपनीची अवंती ही स्पोर्ट्स कार आली. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत तिच्याभोवती झुंबड होती. दोघींच्या पोटात इंजिन रेनॉचं. दोघीही आता रस्त्यावर दिसल्या तर लोक फोटो काढतात. सुट्या भागांचं काय करतात, ते मालकाला विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

वेगाचं म्हणाल तर शेजारच्या समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा ताशी १२०. मीटरवरचा त्यापुढचा २०० चा प्रांत आम्ही परदेशाच्या नकाशासारखा नुसता पाहत होतो. त्यात प्रत्येक गतिरोधकावर ही गाडी तिरकी घालावी लागे, नाहीतर पोट घासे. आम्ही एक तिरका पार करीपर्यंत वॅगनआर दोन सरळ पार करी. आमच्या पुढं निघून गेलेल्या पोरांनी मागच्या काचेतून हात हलवले. सासूबाईंनीही हलवला.

केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं इथले लोक मानतात. लाक्षागृहातून निसटलेले पांडव इथं ब्राह्मणाच्या घरी लपून राहिले, त्यांनी इथं गणपती स्थापला आणि भीमानं बकासुराला मारलं. बकासुराचा ठराव सर्वांना पाठ आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते हाकत आणणारा माणूस. एकेका घराची पाळी. भात संपला की रेडे, रेडे संपले की माणूस. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण साडभाऊंनी त्यांच्या सर्व्हिस सेंटरचं पहिलं बिल मला दाखवलं तेव्हा कुठे ती नीट समजली. तिथंही आधी ठरलेली रक्कम जाते, मग न ठरलेले दोन पार्ट जातात, आणि शेवटी घेऊन जाणाऱ्या माणसाचं काही उरत नाही. बटणं चिकट झाली तर बटण बदलत नाहीत, अख्खं पॅनेल बदलतात. भीमाचं गाडं मात्र जंगलात धडपणे पोचलं. वाटेत जू खडखडल्याची तक्रार व्यासांनी कुठं लिहिलेली नाही.

टेकडीच्या पायथ्याशी साडभाऊंनी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि पुढची डिक्की उघडायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर एक लाल बॅटरी दिसली आणि ती पाहायला मिळते न मिळते तोच पडदाही गेला.

आता परिस्थिती अशी: देव वर टेकडीवर, नारळ आत. डिक्कीचं कुलूप विजेवर चालणारं. विजेची बॅटरी त्याच डिक्कीत. बॅटरी संपल्यावर डिक्की कशी उघडावी हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. मॅन्युअल डिक्कीत.

साडभाऊंनी टोल-फ्री नंबर लावला. बराच वेळ पियानो वाजल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपलं लोकेशन?"

"केळझर."

"केरळमध्ये कुठं, सर?"

"केरळ नाही, केळझर! वर्धा जिल्हा, सेलू तालुका!"

"सर, आमचं जवळचं वर्कशॉप मुंबईला आहे. गाडी फ्लॅटबेडवर न्यावी लागेल. तोपर्यंत अनधिकृत व्यक्तीला हात लावू देऊ नका, वॉरंटीवर परिणाम होतो."

"वॉरंटी संपून जमाना झाला!"

"मग तर जास्तच काळजी घ्या, सर."

आम्ही निंबाच्या सावलीत बसलो. मला उगाच सेवाग्राम आठवलं. इथून वर्धा तासाभराच्याही आत, सेवाग्राम त्याला लागूनच. १९४१ मध्ये मोटारींचा बादशहा हेन्री फोर्ड यानं गांधीजींना कौतुकाचं पत्र पाठवलं, ते डिसेंबरात त्यांना मिळालं. गांधीजींनी उलट भेट म्हणून स्वतःची सही केलेला घडीचा चरखा धाडला. फोर्डला तो फार आवडला म्हणतात. आवडणारच. फिरणारं चाक, हलणारे भाग मोजके, आणि पेटी उघडायला वीज लागत नाही.

चहाच्या टपरीवरच्या पोरानं कोणाला तरी फोन केला होता. थोड्या वेळात एक ट्रॅक्टर आला. त्यावरून उतरलेल्या मेकॅनिकनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली. देवाला घालतात तशी नव्हे; बाजारात बैल घेताना घालतात तशी.

"इंजिन कुठी हाय भाऊ हिचं?"

"मागं."

"मंग समोर?"

"डिक्की."

"म्हणजे उलटीच हाय." त्यानं विषय संपवला. "डिक्कीचं लॉक करंटवर चालते ना? मंग करंट देऊन पाहू."

"अहो, पण ही इम्पोर्टेड आहे," साडभाऊ कळवळले.

"करंट थोडीच इम्पोर्टेड असते बाप्पा. बारा व्होल्टच ना?"

किल्लीच्या पोटात दडवलेली साधी लोखंडी किल्ली सासूबाईंच्या नातवानं शोधून काढली. दार उघडलं. मेकॅनिकनं चालकाच्या पायाशी आडवं होऊन फ्यूजचा डबा पाहिला. त्यात एक लाल टोक बाहेर ओढता येत होतं. कंपनीनं ते अशाच प्रसंगासाठी ठेवलं होतं आणि ते कशासाठी आहे हे फक्त डिक्कीतल्या मॅन्युअलला ठाऊक होतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीची एक वायर तिथं लागली, दुसरी दाराच्या लोखंडाला. त्या क्षणी गाडीचा चोर-अलार्म असा किंचाळला की टेकडीवरून उतरत असलेली दोन माणसं परत देवळाकडं वळली. त्या गदारोळात पुढची डिक्की मात्र टक्क करून उघडली.

मोदक गरम झाले होते. नारळाला काही झालं नव्हतं. मेकॅनिकनं मेन बॅटरीला वायरी जोडून इंजिन सुरू करून दिलं, मजुरी म्हणून चहाचे पैसे घेतले आणि नारळाचा तुकडा मागून घेतला. जाताना साडभाऊंना म्हणाला, "आता बंद नका करू. घरी जाऊनच करा." तर अशा रीतीनं आमची पूजा चालू इंजिनावर झाली, साडेतीनशे घोडे जागच्या जागी खिंकाळत असताना.

पूजा सासूबाईंनी स्वतःच्या हातानं केली. बाहेर बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी इतकी खाली की लिंबू सरकवायला पोराला पालथं झोपावं लागलं. मग आत वाकून त्यांनी स्टेअरिंगला, गिअरला आणि भक्तीच्या भरात काचेच्या प्रत्येक बटणाला हळद-कुंकू वाहिलं. साडभाऊ "नको, नको" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्या चिकट लेपानं कुंकू असं धरलं की आजतागायत सोडलेलं नाही. आता त्या गाडीत काच खाली करणाऱ्या प्रत्येकाचं बोट लाल होतं, आणि घाम पुसायला गेलं की कपाळही.

"जवाईबापू," सासूबाई गाडीकडं पाहत शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या पैशात वावर आलं असतं. वावर खडखड करत नाही."

साडभाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. परतताना ते एकटेच त्या गाडीत होते. मी वॅगनआरमध्ये, दोन पोरांच्या मध्ये, मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. तिच्या काचा हातानं खाली होत होत्या.

वाचकांपैकी कोणी अशी गाडी पाहायला जाणार असेल, तर एवढं ऐका. इंजिनाचा आवाज ऐकवतील, तो ऐकू नका. आधी ग्लोव्ह बॉक्सचं झाकण पुन्हा पुन्हा उघडून बंद करा. काचेचं बटण दाबा आणि बोट परत येतं का पाहा. बॅटरी संपल्यावर डिक्की कशी उघडते, ते विकणाऱ्याला समोर करून दाखवायला लावा. मॅन्युअल घरात ठेवा. आणि हे सगळं पाहायला मे महिन्यात जा, दुपारी दोनच्या सुमारास.