हिरवळीचे विश्वस्त

शहरांच्या वेशीवरील गृहसंकुलांत गेल्या काही दशकांत जो एक मानवी प्रकार स्थिरावला आहे, त्याला सोयीसाठी ‘हिरवळीचा विश्वस्त’ म्हणता येईल. हा गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त असतो, उद्यान समितीवर बिनविरोध निवडून येतो, कारण त्या पदासाठी दुसरे कोणी उभेच राहत नाही, आणि त्या दिवसापासून हरळीचा एक चौकोनी तुकडा त्याच्या अखत्यारीत येतो.

हरळी, म्हणजेच पूजेतील दूर्वा, हे उन्हाळी प्रकृतीचे गवत असून साधारण 25 ते 35 अंश सेल्सियस तापमानात ते फोफावते आणि थंडी वाढली की पिवळे पडून स्वस्थ राहते. जमिनीवर त्याची धावती खोडे पसरतात, जमिनीखाली काशा, म्हणजे पेरे असलेली भूमिगत खोडे, वाढतात आणि प्रत्येक पेरातून नवे रोप फुटू शकते; त्यामुळे गुरांनी बुडापर्यंत चरले तरी कुरण पुन्हा उभे राहते. विश्वस्ताचे वडील प्रत्येक उन्हाळ्यात नांगरटीमागे फिरून याच काशा वेचीत आणि बांधावर टाकून त्यांना शिव्या देत. चिरंजीव तेच गवत रोपवाटिकेतून चौरस फुटाच्या दराने विकत आणतात.

विश्वस्ताचे ज्ञान अगाध असते. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर चर्चा चालू असताना तो अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी विकसित केलेल्या आणि 1943 साली प्रसारित झालेल्या ‘कोस्टल’ या हरळीच्याच चाऱ्यासाठीच्या संकरित जातीची माहिती देतो, आणि त्याच बर्टन यांच्या नरवंध्य, म्हणजे परागकण न देणाऱ्या, बाजरीच्या वाणापासून 1965 साली भारतातील पहिली संकरित बाजरी तयार झाली, हेही ऐकवतो. टाकी गळतच राहते.

आचरणात मात्र हे ज्ञान उतरत नाही. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक उंची छाटू नये हा नियम त्याला मुखोद्गत असतो, तरी पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी तो यंत्र इतके खाली लावतो की झेंडावंदन तपकिरी बुडख्यांवरच होते. युरिया तो भर दुपारी मुठीने फेकतो आणि पाणी द्यायचे विसरतो, त्यामुळे मूठ जिथे सैल पडली तिथे करपलेले गोल उमटतात. हरळीला सावली सोसत नाही. तरीही कडेने डेरेदार झाडे लावून, त्यांखाली गवत विरळ झाले की तो मुलांच्या क्रिकेटला दोष देतो. गणेश चतुर्थीला मात्र त्याचा कायदा शिथिल होतो: पहाटे शेजारणी एकवीस जुड्यांसाठी कोवळी त्रिदले खुडतात आणि विश्वस्त स्वतः विजेरी धरून उभा राहतो.

पुढे एका पावसाळ्यात तो परदेशी मुलाकडे चार महिने राहतो. त्या काळात माळी अधूनमधून येतो, मुले मनसोक्त खेळतात, एखादी वाट चुकलेली गाय चरून जाते आणि हरळी कधी नव्हे इतकी दाट होते. परतल्यावर विश्वस्त वार्षिक सभेत या यशाचे श्रेय निघण्यापूर्वी स्वहस्ते दिलेल्या खतमात्रेला देतो, आणि सभा तो अहवाल एकमताने मंजूर करते, कारण मंजुरीवाचून चहा येत नाही.