लाल बावटा, लाल तारीख

विशीत १ मे म्हणजे आमच्यासाठी क्रांतीची रंगीत तालीम. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, हे आम्ही टपरीवर आठ-आठ तास बसून एकमेकांना सांगायचो. आता साठी आली. बावटा गेला, लाल रंग तेवढा उरला, तोही कालनिर्णयवर. १९६० साली महाराष्ट्र झाला तोही १ मेलाच. म्हणजे लढे दोन, सुट्टी एक! हा तर शोषणाचा कळस. त्यात २०२२ साली ती रविवारी आली, तेव्हा कित्येक वर्षांनी रस्त्यावर उतरावंसं वाटलं.

"उतरा की," बायको म्हणाली, "येताना गुडघ्याचं मलम आणा. आणि मावशींना आज सुट्टी दिलीय; भांडी तुमची."